कॅलिफोर्निया कॉन्डर: २२ पक्ष्यांवरून ५०० च्या पुढे गेलो, तरी काम संपत का नाही

१९८२ साली अख्ख्या जगात कॅलिफोर्निया कॉन्डर उरले होते फक्त २२. पंख पसरले की जवळजवळ साडेनऊ फूट, उत्तर अमेरिकेतला उडणारा सगळ्यात मोठा जमिनीवरचा पक्षी, आणि मोजायला बसलं तर एका बसमध्ये मावतील एवढेच शिल्लक. आज हा आकडा ५०० च्या वर आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त बाहेर मोकळे उडतायत. कॅप्टिव्ह ब्रीडिंगचं, म्हणजे पिंजऱ्यात जोड्या जमवून पिल्लं वाढवण्याचं, नाव निघालं की हीच केस यशाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते खरंही आहे, पण माझ्या मते ही केस अर्धीच सांगितली जाते. पिंजऱ्यात पक्षी वाढवणं जमलं, फार छान जमलं, पण ज्या कारणानं पक्षी मरत होते ते कारण बाहेर तसंच राहिलं आणि म्हणून चाळीस वर्षांनंतरही हा प्रोग्राम बंद करता येत नाहीये. या केसमधून घेण्यासारखं सगळ्यात जास्त तिथंच आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हा पक्षी समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्या स्वभावावर उभं आहे. कॉन्डर शिकार करत नाही, मेलेली जनावरं खातो. जगतो खूप, पन्नास वर्षांच्या वर सुद्धा. पण वाढतो अतिशय हळू. सहा ते आठ वर्षांचा झाल्याशिवाय जोडी जमत नाही, मादी एका वेळी एकच अंडं घालते, ते उबवायला जवळपास ५७ दिवस, मग पिल्लू उडायला लागायला साधारण सहा महिने आणि उडायला लागलं तरी पुढे कितीतरी महिने ते आईबापाच्या मागे मागेच असतं, त्यामुळे एक पिल्लू पूर्ण वाढलं तर ती जोडी बहुतेक वेळा पुढच्या वर्षी अंडं घालतच नाही. अशा पक्ष्याचं गणित पिल्लं किती झाली यावर चालत नाही, मोठे पक्षी किती वर्ष टिकतात यावर चालतं. दरवर्षी थोडे जरी मोठे पक्षी जास्त मेले तरी संख्या उतरायला लागते, आणि ते लवकर लक्षातही येत नाही कारण आकाशात अजून पक्षी दिसतच असतात.

आता १९८० च्या आसपासची परिस्थिती. संख्या घटतेय हे माहीत होतं, का घटतेय याबद्दल एकमत नव्हतं. लोक बंदुकीनं मारतात, लांडग्या-कोल्ह्यांसाठी ठेवलेलं विष खातात, विजेच्या तारांवर आपटतात, असं बरंच बोललं जायचं. सरकारनं आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी या पक्षीसंवर्धन संस्थेनं मिळून अभ्यास सुरू केला आणि त्याच वर्षी, १९८० मध्ये, घरट्यातल्या एका पिल्लाचं वजनमाप घेताना ते अभ्यासकांच्या हातातच मेलं. एवढे थोडे पक्षी आणि त्यातलं एक पिल्लू असं गेलं, त्यामुळे किती गदारोळ झाला असेल याची कल्पना करा. पकडायची परवानगीच थांबवली गेली. पर्यावरणवादी डेव्हिड ब्रोअर आणि त्यांची फ्रेंड्स ऑफ द अर्थ ही संघटना, असे लोक तर आधीपासून म्हणत होते की पक्ष्याला पकडू नका, त्याचा अधिवास वाचवा, पिंजऱ्यात वाढलेला कॉन्डर हा कॉन्डरच राहत नाही आणि एकदा पक्षी झूमध्ये गेला की जंगल वाचवायचं कारणच संपेल, बिल्डर मोकळे सुटतील.

हे विरोधक पुढे चुकीचे ठरले असं सहसा सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. पकडू नका हा त्यांचा सल्ला ऐकला असता तर कॉन्डर आज नसता हे नक्की, पण बाहेरचा प्रॉब्लेम मागे पडेल ही त्यांची भीती मात्र पुढे बऱ्यापैकी खरी ठरली.

वाद मिटवला तो १९८४-८५ च्या हिवाळ्यानं. त्या वेळी जंगलात १५ पक्षी होते, त्यातले सहा त्या एका हिवाळ्यात गेले, आणि अंडी घालणाऱ्या पाच जोड्यांपैकी एकच जोडी शाबूत राहिली. यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्यानं ठरवलं की आता उरलेले सगळे पकडायचे. ऑड्युबॉननं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, जंगलात काही पक्षी राहिलेच पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. आणि हे चालू असतानाच एसी-थ्री नावाची मादी, म्हणजे त्या शेवटच्या जोडीतलीच मादी, शिशाच्या विषबाधेनं १९८६ च्या जानेवारीत मेली. अपील कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. १९ एप्रिल १९८७ ला एसी-नाईन हा सात वर्षांचा नर मेलेल्या जनावरावर उतरला तेव्हा जाळं टाकून त्याला पकडलं आणि जंगलात एकही कॅलिफोर्निया कॉन्डर उरला नाही. सगळे मिळून २७ पक्षी, लॉस एंजेलिस झू आणि सॅन दिएगो वाइल्ड अॅनिमल पार्क या दोन ठिकाणी.

माझं स्पष्ट मत, निर्णय बरोबर होता पण उशिरा झाला, आणि त्या उशिराची किंमत आजही मोजली जातेय. कारण त्या २७ मध्ये सगळे एकमेकांचे नातेवाईक, आनुवंशिकतेच्या हिशेबानं मूळ पूर्वज फक्त १४ निघतात. आजचा प्रत्येक कॉन्डर त्या १४ पासून आलेला आहे. त्यातल्या कुठल्यातरी एकाकडून बुटकेपणाचा एक जीवघेणा आजार आलाय, पिल्लू अंड्यातच किंवा बाहेर पडता पडता मरतं, आणि तो दोष लपलेला असतो म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून जोड्या लावताना स्टडबुक, म्हणजे वंशावळीची वही, उघडून बघावं लागतं की याचं कोणाशी नातं किती आणि हा दोष कोणाच्या घराण्यात आहे. पाच-सात वर्ष आधी, पक्षी तिसेक असताना सुरुवात केली असती तर हातात जास्त रक्त-वैविध्य असतं. संकटातल्या कुठल्याही पक्ष्याच्या बाबतीत अजून थोडं थांबून बघूया असं म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा शांतपणे वाचावा.

पिंजऱ्यातलं काम कसं चाललं ते बघू. युक्तीचा धागा जंगलातच मिळाला होता. १९८२ मध्ये एका जोडीत अंडं कोणी उबवायचं यावरून झटापट झाली आणि अंडं कड्यावरून खाली पडलं, आणि बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की त्याच जोडीनं नंतर दुसरं अंडं घातलं. मग काय, पहिलं अंडं काढून इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, जोडी दुसरं घालते, कधी कधी तेही काढलं तर तिसरं. दोन वर्षांत एक पिल्लू देणारी जोडी एका वर्षात दोन द्यायला लागली. १९८३ मध्ये जंगलातून आणलेल्या अंड्यातून पहिलं पिल्लू सॅन दिएगोत बाहेर आलं, सिस्कोक त्याचं नाव, आणि १९८८ मध्ये मोलोको, म्हणजे पिंजऱ्यातच जोडी जमून, अंडं तिथंच घालून जन्मलेलं पहिलं पिल्लू. त्यानंतर संख्या भराभर वाढत गेली. पुढे आयडाहोमधलं बॉइझी आणि ओरेगन झू ही केंद्रंही जोडली गेली, जे फार शहाणपणाचं होतं, एका जागी सगळे पक्षी ठेवले आणि एखादा रोग आला तर सगळं एकदम जातं.

या सगळ्या नोंदी इतक्या काटेकोर होत्या म्हणूनच २०२१ मध्ये एक विलक्षण गोष्ट कळली. साठवलेल्या डीएनएची तपासणी करताना दोन नर पिल्लं अशी सापडली की त्यांना बापच नाही, दोन वेगवेगळ्या माद्यांची, आणि त्या माद्या चांगल्या नरांसोबतच राहत होत्या. बिनबापाचं पिल्लू कॉन्डरमध्ये होऊ शकतं हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन्ही फार जगली नाहीत, एक दोन वर्षांचं होण्याआधी गेलं आणि दुसरं आठ वर्षांचं होण्याआधी. आणखी एक गोष्ट जी फारशी सांगितली जात नाही. पकडलेल्या पक्ष्यांच्या अंगावरच्या उवा औषध मारून साफ केल्या गेल्या आणि फक्त कॅलिफोर्निया कॉन्डरवरच राहणारी एक उवेची जात त्यात कायमची संपली. एक जीव वाचवताना त्याच्या अंगावरचा दुसरा जीव गेला आणि तेव्हा तो विचार कोणाच्या मनातही आला नाही. आज असा प्रोग्राम सुरू करणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच विचारात घेतली पाहिजे, मला ही छोटी बाब वाटत नाही.

खरा कस लागला तो पिल्लं वाढवताना. अंडं काढून घेतलं म्हणजे पिल्लाला भरवणार कोण, तर माणूस. माणसाची सवय लागू नये म्हणून हातात कॉन्डरच्या डोक्यासारखी दिसणारी चामड्याची बाहुली घालून भरवायचे, पिल्लाला माणूस दिसायचाच नाही. कल्पना चांगली होती आणि पिल्लं धडधाकट वाढली. पण कॉन्डर हा कळपातला पक्षी आहे, मोठे पक्षी लहानांना चोच मारून हाकलतात, जागा दाखवतात, कुठं बसायचं कुठं नाही ते शिकवतात. बाहुली भरवते पण दटावत नाही. सगळी एकाच वयाची पोरं एकत्र सोडली, वर कोणी मोठं नाही, आणि मग ती विजेच्या खांबांवर बसायला लागली, लोकांच्या जवळ जायला लागली, कॅलिफोर्नियात एका गावात तर काही पक्षी घरात शिरून त्यांनी गादी फाडली.

सोडण्याचं काम तसं जपूनच सुरू केलं होतं. आधी १९८८ पासून अँडियन कॉन्डर या दक्षिण अमेरिकेतल्या भाऊबंद जातीच्या फक्त माद्या कॅलिफोर्नियात सोडून बघितल्या, चुकून तिथं त्यांची वस्ती होऊ नये म्हणून फक्त माद्या, आणि नंतर त्या परत पकडल्या. मग जानेवारी १९९२ मध्ये पहिले दोन कॅलिफोर्निया कॉन्डर सेस्पे अभयारण्यात सोडले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेला, गाडीच्या अँटिफ्रीझमधलं एथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं होतं. त्यानंतर सोडलेल्यांपैकी काही तारांवर आपटून गेले. सुरुवातीला सोडलेल्या बऱ्याच पक्ष्यांना परत पकडून आणावं लागलं. इथं प्रोग्रामच्या लोकांना मनापासून दाद द्यावीशी वाटते, कारण त्यांनी पक्षी सोडत राहून आकडा वाढवण्यापेक्षा थांबून पद्धत बदलली. मोठ्या पिंजऱ्यात खोटा विजेचा खांब उभा केला, त्यावर बसलं की हलकासा करंट, नैसर्गिक फांदीवर बसलं तर काही नाही. पिल्लं लवकर शिकली आणि तारांवरचे मृत्यू बरेच कमी झाले. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा, पिल्लांना शक्य तेवढं कॉन्डर आईबापाकडेच वाढवायचं, आणि बाहुलीवर वाढलेलं असेल तरी नंतर मोठ्या अनुभवी कॉन्डरसोबत ठेवायचं, तो वळण लावतो. यात पिल्लं कमी होतात कारण आईबापाकडे पिल्लू ठेवलं की दुसरं अंडं त्या वर्षी मिळत नाही. म्हणजे संख्या की संस्कार असा सरळ सौदा होता आणि त्यांनी हळूहळू संस्काराकडे झुकायचं ठरवलं. माझ्या मते संपूर्ण केसमधला हा सगळ्यात चांगला निर्णय.

१९९६ मध्ये ऍरिझोनातल्या व्हर्मिलियन क्लिफ्स या कड्यांवरून पेरेग्रिन फंड या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं पक्षी सोडायला सुरुवात केली, २००२ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात. सोडलेल्या पक्ष्यांनी स्वतः घरटी केली. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात जंगलातच तीन पिल्लं झाली पण एकही उडण्यापर्यंत पोचलं नाही. तिथं नवीनच प्रकार समोर आला, आईबाप पिल्लांना बाटल्यांची झाकणं, काचेचे तुकडे, प्लॅस्टिक असा कचरा आणून भरवत होते, बहुधा हाडांचे तुकडे समजून. पिल्लाचं पोट त्यानंच भरून जातं. मग घरट्यांवर पाळत ठेवणं, कड्यावर दोर लावून घरट्यात उतरून कचरा काढणं, एखाद्या पिल्लाचं ऑपरेशन करून पोटातून कचरा काढून परत घरट्यात ठेवणं, हे सगळं सुरू झालं. तिकडे ऍरिझोनात २००३ मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये जंगलात जन्मलेलं पिल्लू उडालं. म्हणजे हाही प्रॉब्लेम पूर्ण संपला नाही तरी आटोक्यात आला.

आता शिसं. मोकळ्या कॉन्डरच्या ज्या मृत्यूंचं कारण सापडलं त्यातले सुमारे निम्मे शिशाच्या विषबाधेचे आहेत. मार्ग अगदी साधा. शिकारी हरिण मारतो, शिशाची गोळी अंगात शिरताना फुटते आणि तिचे बारीक बारीक तुकडे आजूबाजूच्या मांसात पसरतात, एक्स-रे काढला तर चांदण्यांसारखे दिसतात. शिकारी मांस घेऊन जातो, आतडी तिथंच टाकतो, किंवा जखमी जनावर लांब जाऊन मरतं. कॉन्डर येऊन ते खातो. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं तेज की शिसं विरघळून रक्तात जातं, मग पचनसंस्था लुळी पडते, खाल्लेलं अन्न पुढे सरकत नाही आणि पक्षी गळ्याशी अन्न भरलेलं असताना उपाशी मरतो. एका जनावरावर दहा-पंधरा कॉन्डर एकत्र येऊन खातात त्यामुळे एकच गोळी बऱ्याच जणांना बाधू शकते. आणि वर सांगितलं तसं, या पक्ष्याचं सगळं मोठ्यांच्या टिकण्यावर अवलंबून आहे, नेमके मोठेच यात जातात.

म्हणून जंगलात सोडलेले कॉन्डर खरं तर पूर्ण जंगली नाहीत. पंखावर नंबर, ट्रान्समीटर, ठराविक काळानं पकडायचं, रक्त तपासायचं, शिसं जास्त निघालं की झूमध्ये नेऊन शिसं शरीराबाहेर काढायची इंजेक्शनं द्यायची, त्याला चीलेशन म्हणतात, बरं झालं की परत सोडायचं. २०१२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की कॅलिफोर्नियातल्या मोकळ्या कॉन्डरपैकी दरवर्षी साधारण २० टक्क्यांच्या रक्तात उपचार करावे लागतील एवढं शिसं सापडतं. दर पाचातला एक, आणि दरवर्षी. हे उपचार थांबवले तर संख्या पुन्हा घसरेल हेही त्याच अभ्यासात स्पष्ट सांगितलंय. कुठलाही ब्रीडिंग सेंटर हे भरून काढू शकत नाही, कितीही पिल्लं काढली तरी.

एसी-एट या मादीची गोष्ट इथं सांगायलाच हवी. १९८६ मध्ये पकडलेली, जंगलातली शेवटची मादी. पिंजऱ्यात तिनं बरीच पिल्लं दिली आणि २००० मध्ये तिला परत तिच्या जुन्या भागात सोडलं, तिला तिथले जुने रस्ते आठवत असतील आणि ती लहानांना दाखवेल ही आशा होती. २००२ मध्ये तिला शिशाची जबर बाधा झाली, लॉस एंजेलिस झूमध्ये उपचार करून वाचवलं, परत सोडलं, आणि २००३ च्या फेब्रुवारीत एका शिकाऱ्यानं तिला गोळी घालून मारलं. हे वाचताना दरवेळी राग येतो. इतक्या लोकांची इतक्या वर्षांची मेहनत, एवढ्या म्हाताऱ्या पक्ष्याचं ज्ञान, आणि एका माणसाच्या एका क्षणात ते गेलं. एसी-नाईनलाही २००२ मध्ये पुन्हा मोकळं सोडलं गेलं, पकडल्यानंतर पंधरा वर्षांनी.

उपाय माहीत आहे, तांब्याची गोळी वापरा. ती फुटून पसरत नाही, शिकार तितकीच होते. कॅलिफोर्नियानं २००८ पासून कॉन्डरच्या भागात मोठ्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणली, २०१३ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा केला आणि तो १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाला. तारखा नीट बघा, एसी-थ्री शिशानं मेली १९८६ मध्ये. मधली तेहतीस वर्षं पक्षी पिंजऱ्यात वाढवत राहिलो आणि त्याच विषाकडे सोडत राहिलो. ऍरिझोनानं बंदी न आणता दुसरी वाट धरली, २००५ पासून शिकाऱ्यांना शिसं नसलेल्या गोळ्या फुकट दिल्या, समजावलं, आणि कॉन्डरच्या भागातले ८० टक्क्यांच्या वर शिकारी सहभागी होतात. शिकाऱ्यांना शत्रू न मानता बरोबर घेतलं हे मला फार आवडतं, कारण टाकलेली आतडी हे कॉन्डरचं अन्नही आहे, शिकार थांबली तर तेही थांबेल. पण उरलेले वीसेक टक्के आणि शेजारच्या भागातून येणारं शिसं पुरेसं आहे पक्षी मरायला. कायदा असूनही कॅलिफोर्नियात शिशाची बाधा थांबलेली नाही.

अलीकडचं सांगतो. २०२२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात यूरोक या आदिवासी समाजानं रेडवूडच्या भागात कॉन्डर सोडले, शंभर वर्षांहून जास्त काळानंतर तिथं तो परत आला, आणि काम स्वतः यूरोक लोक चालवतायत, त्यांच्या धार्मिक जीवनात या पक्ष्याला फार वरचं स्थान आहे. माझ्या दृष्टीनं ही या केसमधली सगळ्यात आशेची जागा, कारण पक्षी सोडण्याच्या बरीच वर्षं आधीपासून त्यांनी शिकाऱ्यांशी शिशाबद्दल बोलायला सुरुवात केली होती. तरीही २०२५ च्या सुरुवातीला त्यांचा एक तरुण पक्षी शिशानंच गेला. त्याआधी २०२३ मध्ये बर्ड फ्लू आला आणि ऍरिझोना-युटाहच्या कळपातले २१ पक्षी गेले, मग कॉन्डरना लस टोचायला सुरुवात झाली. त्या वेळी पिंजऱ्यातली संख्या हाताशी होती म्हणून धीर राहिला. ब्रीडिंग सेंटर बंद करायची वेळ अजून आलेली नाही, हे त्या एका वसंतात सगळ्यांना कळलं.

या प्रोग्रामचं यश मोजायचं असेल तर एकूण किती पक्षी झाले हे विचारू नका. वर्षभरात एकदाही चीलेशन न लागलेले मोकळे पक्षी किती, आणि जंगलात जन्मून स्वतः जोडी जमवून पिल्लू उडवणारे किती, हे दोन आकडे दरवर्षी मागा. पैसा वाटतानाही तेच, नवीन पिंजरे बांधण्याआधी शिकाऱ्यांना फुकट तांब्याच्या गोळ्या देण्याचं काम ऍरिझोनाच्या बाहेर, युटाह आणि ओरेगनच्या शिकारी भागातही तितक्याच जोरात वाढवायला पाहिजे, कारण उत्तरेचे पक्षी पसरत जातील तसे ते राज्याच्या सीमा बघणार नाहीत आणि कॅलिफोर्नियाचा कायदा त्या सीमेवरच संपतो.